तापाचा कितवा दिवस?

चि. छकुलीस,



तुझं पत्र पोचलं. फोनवर रोज बोलतेस तरी मुद्दाम कागदावर लिहिलंस, त्याचं अप्रूप वाटून मी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं, आणि मग तुझ्या आजोबांना, त्यांना हल्ली कमी ऐकू येतं म्हणून, मोठ्यानं वाचून दाखवलं. लॅबमध्ये लागून तुला महिना झाला, खोली हवेशीर मिळाली, डबेवाल्या मावशी पोळ्या मऊ देतात, आणि पहाटे पाचला उठून आंघोळ उरकून तू सगळ्यांच्या आधी लॅबचं कुलूप उघडतेस, हे वाचून जीव भांड्यात पडला. ती लवकर उठायची सवय सोडू नकोस हं. बाकावर पेशंट येऊन बसायच्या आधीचा जो एक तास असतो, त्यात टेबल पुसावं, अँटिजेनच्या बाटल्या फ्रीजमधून काढून ठेवाव्यात, रात्रभर ठेवलेल्या नळ्या उजेडाकडे धरून बघाव्यात; तेवढा निवांतपणा मग दिवसभरात पुन्हा मिळत नाही.

पत्राच्या शेवटी तू एक प्रश्न विचारलास. पावसाळा आहे, दिवसाला पंधरा-वीस विडाल येतात, बाहेर लोक रिपोर्टसाठी खोळंबलेले असतात, तर आजी, तू इतकी वर्षं त्या भराभर कशा वाचायचीस? छकुले, मी भराभर वाचत नसे गं. जेव्हा वाचली तेव्हा चुकले, ते पुढे सांगतेच. तू अंदाजानं रिपोर्ट लिहिणारी नाहीस, कुणी दटावलं म्हणून आकडा बदलणारी तर मुळीच नाहीस, हे मला तुझ्या पाळण्यातल्या पायांवरून ठाऊक आहे. काळजी वाटते ती त्या एका 'भराभर' शब्दाची. म्हणून आज सविस्तर लिहिते. चहा घेऊन बस.

आपल्याकडे लोक म्हणतात, "पोराला विडाल निघाला." जणू विडाल हा रोगच. तू मात्र लक्षात ठेव की ते एका माणसाचं नाव आहे. फर्नांड विडाल हे पॅरिसचे डॉक्टर, आणि साल १८९६, म्हणजे आपल्या मुंबईत प्लेग शिरला तेच वर्ष. टायफॉइडचा जंतू एबर्ट यांनी १८८० मध्ये पाहिला होता, गाफ्की यांनी १८८४ मध्ये तो वाढवूनही दाखवला होता. मग व्हिएन्नात ग्रुबर आणि डरहॅम यांना दिसलं की ज्या प्राण्याला एखाद्या जंतूची ओळख झाली आहे, त्याचा सीरम त्या जंतूंवर टाकला की जंतू एकमेकांना चिकटून त्यांचे गुच्छ होतात. विडाल यांनी हेच उलट्या बाजूनं वापरलं. जंतू आपल्या ओळखीचा घ्यायचा, सीरम रोग्याचा घ्यायचा, आणि गुच्छ झाले तर म्हणायचं की या रक्ताची त्या जंतूशी गाठ पडलेली आहे. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती याचा विचार कर. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो, आणि पुढे मी जे सांगणार आहे त्यानं तो तसूभरही कमी होत नाही.

आता 'गाठ पडलेली आहे' हे शब्द नीट बघ. कधी पडली, ते रक्त सांगत नाही.

टायफॉइडला आमची आजी मुदतीचा ताप म्हणायची. एकवीस दिवसांची मुदत, पायरी पायरीनं चढणारा ताप, आणि तोवर पेजेवर राहायचं. त्या तापाला जशी मुदत, तशीच रक्तात अँटिबॉडी तयार व्हायलाही मुदत लागते. जंतू आत शिरला की शरीर आधी त्याला ओळखतं, मग त्याच्यासाठी नेमकी प्रतिपिंडं घडवायला घेतं, आणि ती आपल्या टेस्टच्या टाईलवर दिसण्याइतकी होईपर्यंत आठवडा उलटतो. जंतूच्या अंगाविरुद्धची, ज्यांना आपण ओ म्हणतो, ती साधारण सहाव्या ते आठव्या दिवसापासून दिसू लागतात. शेपटांविरुद्धची, म्हणजे एच, दहाव्या-बाराव्या दिवसाकडे. आणि जाताना? ओ काही महिन्यांत ओसरतात, एच मात्र वर्षानुवर्षं मागे राहतात, माहेरच्या फोन नंबरासारखे. उद्या त्याच माणसाला मलेरियाचा ताप आला, तरी शरीर खडबडून जागं होताना हे जुने एच पुन्हा वर येऊ शकतात. लहानपणी कुणी टायफॉइडची टीएबी लस टोचून घेतली असेल त्याचंही तेच.

म्हणजे आपण रक्ताला विचारतो "घरात आत्ता कोण आहे?" आणि ते सांगतं "कोण कोण येऊन गेलं." तेही पहिल्या आठवड्यात विचारलं तर गप्पच बसतं.

आता माझी चूक सांगते. नोकरीला लागून मला दोन वर्षंही झाली नव्हती. भातलावणीचे दिवस होते. एक बाई आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली, पदरानं त्याचं डोकं पुसत. ताप चौथ्या दिवसाचा. हे मला आज माहीत आहे, कारण नंतर विचारलं. तेव्हा विचारलंच नव्हतं. समोर तीस-बत्तीस नळ्या होत्या, एसटीची वेळ झाली म्हणून लोक खिडकीशी गर्दी करत होते. मी टाईलवर थेंब टाकले, हलवली, काहीच दिसलं नाही, आणि कागदावर 'निगेटिव्ह' लिहून कागद तिच्या हाती दिला. त्या एका शब्दाचा तिनं लावला तो अर्थ कुणीही लावला असता: टायफॉइड नाही. डॉक्टरांकडे ती परत गेलीच नाही, लावणीचा खाडा परवडत नव्हता. तिसऱ्या आठवड्यात पोराचं पोट लाकडासारखं घट्ट झालं. आतड्याला भोक पडलं होतं. जिल्ह्याच्या गावी नेऊन ऑपरेशन केलं, पोर वाचलं, पण ते दोन दिवस मी जेवले नाही. माझा आकडा खोटा नव्हता गं. चौथ्या दिवशी रक्तात खरंच काही नव्हतं. पण 'आज चौथा दिवस आहे, आज काही न दिसणं म्हणजे रोग नसणं नव्हे' एवढं वाक्य माझ्या तोंडून निघायला हवं होतं, आणि मी घाईत होते.

तेव्हापासून मी माझ्या रजिस्टरमध्ये हातानं एक उभी रेघ मारून नवा रकाना पाडला: तापाचा कितवा दिवस. शेजारी आणखी एक बारीक: औषध सुरू आहे का. नळीवर नाव घालताना एकीकडे विचारायचं, एवढंच. दहा सेकंद लागतात. तुझ्या लॅबमध्ये सगळं कॉम्प्युटरवर असेल आणि त्यात असा रकाना नसेल, तर साहेबांना विनंती करून बघ, आणि तोवर पेन आहेच.

दुसरी बाजूही अशीच आहे, किंबहुना ती जास्त दिसते. आमच्याकडे एक बाई होती, घरकाम करायची, तिला म्हणे दरवर्षी टायफॉइड व्हायचा. ताप आला की विडाल, विडालमध्ये एच एकास एकशेसाठ, म्हणजे सीरम तितका पातळ करूनही गुच्छ, की झालं, इंजेक्शनं सुरू. तिचे जुने कागद एकदा मी ओळीनं मांडून बघितले. तीन वर्षांत एच तेवढाच, ओ जवळजवळ नाहीच. तो आकडा आजच्या तापाचा नव्हताच, कधीकाळच्या तापाची खूण होती. मी ते कागद तसेच डॉक्टरांपुढे ठेवले, त्यांनी छातीचा फोटो आणि बेडका तपासायला लावला, आणि क्षय निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी ती बरी झाली. पण त्याआधी तीन पावसाळे गेले होते, आणि तिच्या कष्टाचे पैसे.

तू हिशेबात हुशार आहेस, तर स्वयंपाकघरात एक करून बघ. ताटात शंभर हरभरे घे. हे शंभर ताप आलेले पेशंट. त्यातल्या दहांना कुंकू लाव, त्यांना खराच टायफॉइड आहे असं समज. आता धर की तुझी टेस्ट दहांतल्या सातांना पकडते, आणि उरलेल्या नव्वदांतल्या अठरांना उगीचच पॉझिटिव्ह दाखवते. तर वाटीत पंचवीस हरभरे येतात आणि त्यातले कुंकवाचे फक्त सात. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, गावागणिक ते बदलतील, पण त्या वाटीकडे एकदा डोळ्यांनी बघितलंस की खिडकीतून 'पॉझिटिव्ह' असा कागद सरकवताना हात आपोआप थोडा थांबेल. ज्या गावात टायफॉइड कायम असतो तिथे धडधाकट माणसांच्या रक्तातही थोडा आकडा सापडतोच. म्हणून तर कुठे एकास ऐंशी धरतात, कुठे एकास एकशेसाठ. तुमच्या भागात निरोगी माणसांचा आकडा किती असतो हे साहेबांना जरूर विचार. असा प्रश्न विचारणारी मुलगी त्यांना आवडेल.

आता हाताचं काम. हे तू शिकली आहेस, पण आजीकडून पुन्हा ऐक, पुरणपोळी येत असली तरी आईकडून ऐकतोच ना आपण. रक्त घेतल्यावर ते शांतपणे साकळू दे. अर्धवट साकळलेलं फिरवलंस तर सीरममध्ये तंतू येतात आणि ते डोळ्यांना फसवतात. अँटिजेनची बाटली फ्रीजमधून काढून तशीच गार वापरू नकोस, हातात धरून हलकेच हलव, तळाशी बसलेलं सगळं वर येऊ दे. निळ्या रंगाचं ओ, लाल रंगाचं एच. टाईल हलवायची ती बाळाला मांडीवर डोलवतो तशी, आणि घड्याळ लावून एक मिनिट. एक म्हणजे एकच. इथे उशीरही वाईट, कारण मिनिटाच्या पुढे थेंब कडेनं सुकू लागतो आणि सुकलेल्या रंगाचे दाणे गुच्छांसारखे दिसतात. आणि काटकसर तू करशीलच, आपल्या घरात ती मुरलेलीच आहे. थेंब सांडू नयेत, बाटली तारखेच्या आत संपेल अशा बेतानंच मागवावी, हे सगळं खरं. पण पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल लावण्यात मात्र काटकसर करू नकोस. ते दोन थेंब वाचवले तर बाकीचे चाळीस थेंब वाया.

टाईलवरचा आकडा ही नुसती चाहूल. ती दिसली की जमेल तेव्हा नळ्यांची टेस्ट लाव. एकास वीस, चाळीस, ऐंशी, एकशेसाठ, तीनशेवीस, अशा पायऱ्या करून नळ्या रात्रभर सदतीस अंशांवर ठेवायच्या. सकाळी त्या उचलताना हिसका देऊ नये. मी खिडकीपाशी जाऊन, मागे काळा कागद धरून बघायची. एचचे गुच्छ पिंजलेल्या कापसासारखे सैल, बोटानं टिचकी मारली की तरंगत वर येणारे. ओचे बारीक, दाणेदार, तळाला खडूच्या भुकटीसारखे बसलेले. ते पहिल्यांदा स्पष्ट दिसले त्या दिवशी मला दिवाळी झाल्यासारखं वाटलं होतं. तुलाही दिसतील तेव्हा मला कळव.

आणि तरीही एका रक्तावर भरवसा ठेवायचा नाही. आठवडा-दहा दिवसांनी दुसरं रक्त घेऊन आकडा चौपट चढला, म्हणजे चाळीसचा एकशेसाठ झाला, तर ती खरी खूण. पण खरं सांगू? इतक्या वर्षांत दुसऱ्या रक्ताला परत आलेली माणसं मी बोटांवर मोजली. ताप उतरला की माणूस कामाला जातो, आणि न उतरला तर दुसऱ्या डॉक्टरकडे. त्यांना दोष कसा देऊ?

म्हणूनच डॉक्टरांनी ब्लड कल्चर लिहिलं असेल तर ते मनापासून, नीट कर. तो जंतूलाच समोर बोलावण्याचा मार्ग आहे. पहिल्या आठवड्यातच, जेव्हा विडाल मुकी असते, तेव्हा जंतू रक्तात सर्वांत जास्त सापडतो. मोठ्या माणसाचं आठ-दहा मिली रक्त लागतं, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस पडायच्या आधी घेतलेलं उत्तम. एवढी मोठी सिरींज बघून लोक घाबरतात, "बाई, सगळं रगात काढून घेताय का?" म्हणतात, त्यांच्याशी दोन शब्द बोल, हे चहाच्या दोन चमच्यांहून फारसं जास्त नाही असं सांग. कल्चरही सगळ्यांना पकडत नाही, टायफॉइड असलेल्या शंभरांतल्या साधारण साठांतच जंतू मिळतो, आणि उत्तराला दोन-तीन दिवस लागतात. पण मिळाला की कोणत्या औषधाला तो दबतो तेही कळतं, आणि आज हेच मोलाचं आहे. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आलं तेव्हा टायफॉइडची भीतीच गेली असं वाटलं होतं. १९७२ मध्ये केरळात कोळीकोडला त्याला न जुमानणाऱ्या जंतूंची साथ आली. मग नवी औषधं आली, तीही बोथट होत गेली. खोट्या पॉझिटिव्हवर दिलेलं प्रत्येक इंजेक्शन त्या बोथट होण्याला हातभार लावतं, हे आठवलं की मला फार वाईट वाटतं.

क्षयाच्या बाबतीत तर सरकारलाच मध्ये पडावं लागलं. रक्तातल्या अँटिबॉडीवरून क्षय ओळखायचे किट देशभर विकले जात होते, लोक हजार-पाचशे काढून ती टेस्ट करत, आणि तिच्यावर विसंबून निरोग्यांना गोळ्या, रोग्यांना घरची वाट, असं दोन्हीकडून चुकत होतं. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ती वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारनं तिच्यावर बंदीच घातली. आता बेडक्यातून जंतूचा अंश शोधणारी यंत्रं तालुक्यापर्यंत पोचली आहेत, आणि त्यातलं ट्रूनॅट आपल्या शेजारी गोव्यात घडलेलं आहे, याचा मला अभिमान वाटतो. कुणी पेशंट "बेडका नको, रक्तच घ्या" म्हणाला तर चिडू नकोस. बेडका देताना संकोच वाटतो माणसांना. डबी हातात देऊन, मोकळ्या हवेत उभं राहून खोल खोकायचं कसं, ते समजावून सांग.

हे वाचून अँटिबॉडीच्या टेस्ट साऱ्या टाकाऊच असं मात्र मनात धरू नकोस. काही जंतू असे लाजरे की कल्चरमध्ये येतच नाहीत किंवा आठवडेच्या आठवडे घेतात. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो बघ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली, आणि पाण्यातून चाललेल्या माणसांना नंतर लेप्टोनं गाठलं. आपल्या कोकणात तर चिखलात अनवाणी राबणारा प्रत्येकजण त्याच्या वाटेवर उभा असतो. तिथे आयजीएमची एलायझा खरोखर उपयोगी पडते, पण तिलाही आठवडाभराची मुदत हवीच. म्हणून डॉक्टर संशय आला की औषध आधी सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे. किंवा २०१८ मध्ये विदर्भात ज्याची साथ आली तो स्क्रब टायफस. त्याचा जंतू पेशींच्या आतच जगतो, साध्या बाटलीत वाढायचा नाही. त्यासाठी जुन्या काळी वाईल-फेलिक्स ही १९१६ सालची टेस्ट होती, ती तर भलत्याच जंतूवर बेतलेली; आता त्याचीही आयजीएम एलायझा आली आहे. पण काखेत, कमरेला, कपड्याच्या आड चटका बसल्यासारखी काळी खपली कुणी शोधली, तर तिच्याइतकं चटकन काहीच सांगत नाही. रक्त घेताना तुझ्या नजरेला अशी खपली पडली तर डॉक्टरांना सांगायला संकोचू नकोस.

बाहेर पाऊस थांबलाय, आजोबा दोनदा विचारून गेले की पोरीला लिहितेस की पुस्तक लिहितेस. थांबते आता.

माझं जुनं लाकडी टेस्ट ट्यूब स्टँड आणि मागे धरायचा तो काळा कागद मी फडक्यात गुंडाळून ठेवलाय. परवा शेजारची मंडळी तुझ्या गावाकडे येणार आहेत, त्यांच्याबरोबर धाडते. सोबत मेतकूट आणि आंबोशीची बरणी आहे, तिचं झाकण आटे नीट बसवून लाव, पावसाळी हवा आहे. पायात रबरी चपला घालून हिंड. उत्तर सवडीनं लिही, रविवारी लिहिलंस तरी चालेल, आणि लिहिताना आजवर रजिस्टरमध्ये किती जणांच्या तापाचा दिवस नोंदलास ते तेवढं कळव.

तुझी,
आजी